मेफ्लाय : लिलियन ब्लँडने घरी बांधलेलं विमान

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळजण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मी मात्र एका बाईची ओळख करून देणार आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात राइट बंधूंवर धडा असायचा, पण हिचं नाव तिथे कधी आलं नाही. तिचं नाव लिलियन ब्लँड. १९१० साली आयर्लंडच्या उत्तर भागात, बेलफास्ट शहराजवळच्या कार्नमनी या गावी तिने घरातल्या कार्यशाळेत विमान बांधलं आणि स्वतःच ते उडवलं. विमानाची रचना, बांधणी आणि उड्डाण ही तिन्ही कामं स्वतः करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून विमानविद्येच्या इतिहासात तिचं नाव घेतलं जातं.

लिलियनचा जन्म २२ सप्टेंबर १८७८ चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या मेडस्टोन गावचा. घराणं मूळचं आयर्लंडमधलं, खाऊनपिऊन सुखी. त्या काळी अशा घरातल्या मुलीने पियानो वाजवावा, भरतकाम करावं आणि वेळेवर लग्न करावं, एवढीच अपेक्षा असे. लिलियन ब्रीचेस घालायची, सिगारेट ओढायची आणि पुरुषांसारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसायची. त्या काळच्या सभ्य बायका एका बाजूला पाय सोडून बसत. गावाला चर्चेसाठी एवढं पुरेसं होतं. पण तिच्याकडे कामही होतं. लंडनच्या वृत्तपत्रांसाठी ती खेळांच्या, विशेषतः घोडेस्वारीच्या बातम्या लिहायची आणि फोटो काढायची. त्या काळात फोटो काढणं म्हणजे काचेच्या पट्ट्या, रसायनं आणि अंधारी खोली. हे सगळं ती स्वतः हाताळत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा, विमान बांधताना तिला ती उपयोगी पडली.

पुढे ती वडिलांबरोबर कार्नमनीला विधवा आत्याच्या घरी राहायला आली. घराचं नाव टोबरकोरन हाऊस. आत्याचे दिवंगत यजमान लष्करात जनरल होते आणि त्यांना हत्यारांची हौस होती. त्यांची सुसज्ज कार्यशाळा घरात तशीच पडून होती.

विमानाचा नाद लागण्याआधी लिलियनला पक्ष्यांचा नाद लागला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम असताना ती उडत्या समुद्रपक्ष्यांचे फोटो काढायची. पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारा पक्षी तासन्तास पाहिला, की हे कसं होतं हा प्रश्न कोणालाही पडतो. २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्सच्या लुई ब्लेरियोने विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली आणि सारं युरोप विमानाने वेडं झालं. लिलियनच्या काकांनी पॅरिसहून तिला एक पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर ब्लेरियोच्या विमानाचं चित्र होतं आणि त्याची मापंही दिली होती. दुसऱ्या कोणी ते कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलं असतं. लिलियनने ती मापं गंभीरपणे घेतली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल इथे विमानांचा मेळावा पाहायला गेली. तिथे तिने विमानं जवळून न्याहाळली, त्यांचे सांधे, तारा, चाकं पाहिली, मापं टिपून घेतली. वारा सुटला की त्यातली बरीचशी विमानं जमिनीवरच थांबायची, हेही तिने पाहिलं. घरी परतली ती विमान बांधायचं नक्की करूनच.

तिने विमान कसं बांधलं हे मला तिच्या साऱ्या चरित्रात जास्त महत्त्वाचं वाटतं. ती एकदम विमानाला भिडली नाही. आधी तिने दोन मजली पंखांची एक लहान प्रतिकृती केली, पंखांची रुंदी सुमारे सहा फूट. ती तिने पतंगासारखी दोरी बांधून वाऱ्यावर उडवली. या आकाराचा पंख उचल देतो का आणि वाऱ्यात स्थिर राहतो का, एवढंच तिला त्यातून पाहायचं होतं. प्रतिकृती नीट उडाली, तेव्हाच ती पुढच्या पायरीवर गेली. ही पायरी म्हणजे पूर्ण आकाराचं, पण इंजिन नसलेलं विमान, म्हणजे ग्लायडर.

ग्लायडरचे भाग जनरलसाहेबांच्या कार्यशाळेत एकेक करून तयार झाले. जोडल्यावर ते तिथे मावणार नव्हतं, म्हणून जुळणी बग्गीखान्यात केली. लाकूड निवडताना तिने प्रत्येक भागाला काय सोसावं लागणार याचा विचार केला. पंखांच्या फासळ्या आणि उभे दांडे स्प्रूसचे, कारण ते वजनाला हलकं आणि सरळ रेषेचं. उतरताना जमिनीवर घासणाऱ्या पट्ट्या ॲशच्या, कारण ते लवचीक, धक्का खाऊन मोडत नाही. इंजिन बसवायची बैठक एल्मची, कारण ते चिवट, सहज चिरत नाही. वरचा आणि खालचा पंख उभ्या दांड्यांनी जोडायचा आणि मधल्या चौकटी तिरक्या तारांनी ताणून धरायच्या, ही त्या काळातल्या दोन मजली विमानांची रीत. लोखंडी पुलाच्या कमानीत आपण जे तिरके दांडे पाहतो त्यांचंच काम इथे तारा करतात. एक तार सैल पडली तर सगळी चौकट वाकडी होते. म्हणून प्रत्येक तार सारख्या ताणाची लागते.

आता पंखांवरचं कापड. तिने वापरला कोरा मांजरपाट, आपल्याकडे गाद्यांच्या खोळींना आणि अस्तराला वापरतात तसला. पण मांजरपाटाच्या विणीतून हवा आरपार जाते. पंखाच्या खालचा दाब आणि वरचा दाब यांतल्या फरकावर विमान तरंगतं. कापडातून हवा गळली की तो फरक उरत नाही. पाऊस पडला की कापड ओलं होऊन जड होतं, ते वेगळंच. इथे तिची अंधारी खोली कामाला आली. फोटोग्राफीत वापरतात ते जिलेटिन आणि फॉर्मालिन तिने मांजरपाटाला लावलं. नुसतं जिलेटिन पाण्यात फुगतं, विरघळतं. फॉर्मालिन मिसळलं की त्याचे रेणू एकमेकांना बांधले जातात आणि पाण्याने न सुटणारा पापुद्रा तयार होतो. हेच फॉर्मालिन आपल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांत असायचं. त्याच्या वासाने मागच्या बाकावरच्यांना शिंका यायच्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विमानं चालवायच्या दांडीसाठी तिने सायकलचं हँडल बसवलं. जे हाताशी होतं आणि ज्याचा गुणधर्म माहीत होता, ते तिने वापरलं.

विमानाला नाव दिलं मेफ्लाय. मेफ्लाय हा पाण्याकाठी दिसणारा एक नाजूक किडा आहे. पंख फुटल्यावर तो जेमतेम एखादा दिवस जगतो. इंग्रजीत ते शब्द सुटे वाचले तर अर्थ होतो, उडेलही कदाचित. म्हणजे कदाचित नाहीही उडणार. लोक थट्टा करायच्या आधीच तिने स्वतःची थट्टा करून घेतली.

१९१० च्या सुरुवातीला ग्लायडर तयार झालं. कार्नमनीच्या टेकडीवर ते दोर बांधून वाऱ्यावर उचलून पाहिलं. आता प्रश्न असा होता की, याला इंजिनाचा भार पेलेल का? इंजिन विकत घेऊन बसवायचं आणि मग विमान मोडलेलं पाहायचं, यापेक्षा आधी तपासलेलं बरं. तिने एक साधा प्रयोग केला. आयरिश पोलीस दलातले चार धिप्पाड शिपाई आणि बागकामात मदत करणारा ज्यो ब्लेन नावाचा मुलगा, अशा पाचजणांना तिने ग्लायडरला धरून लटकायला सांगितलं. वाऱ्याचा झोत आला आणि मेफ्लाय पाचहीजणांना घेऊन वर उठलं. पोलीस घाबरले आणि हात सोडून मोकळे झाले. ज्यो तेवढा धरून राहिला आणि त्यानेच ते खाली आणलं. प्रयोगाचं उत्तर मिळालं, इंजिन पेलणार होतं.

तिने इंग्लंडमधले विमानबांधणीकार ए. व्ही. रो यांच्याकडे इंजिनाची मागणी नोंदवली. दोन आघातांचं, हवेने थंड होणारं, वीस अश्वशक्तीचं इंजिन, किंमत सुमारे शंभर पौंड.  १९१० च्या उन्हाळ्यात ती स्वतः इंग्लंडला गेली आणि जहाजातून, आगगाडीतून ते इंजिन घरी घेऊन आली. इंजिन आलं, पण पेट्रोलची टाकी यायची होती. टाकी येईपर्यंत थांबेल ती लिलियन कसली! तिने व्हिस्कीची रिकामी बाटली घेतली आणि आत्या ऐकू येण्यासाठी कानाला जो कर्णा लावायची तो घेतला. बाटलीतून पेट्रोल, कर्ण्यातून इंजिनात, अशी सोय करून तिने इंजिन सुरू केलं. आत्याला या काळात काय काय सोसावं लागलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

इंजिन चालू झाल्यावर खरी अडचण कळली. दोन आघातांचं इंजिन थरथरतं, आणि ही थरथर लाकूड, तारा, नट, बोल्ट या सगळ्यांपर्यंत जाते. नट ढिले होऊन गळायचे, ताणाच्या तारा तुटायच्या. स्थिर वजन सोसणं वेगळं आणि सततची थरथर सोसणं वेगळं. पोलिसांनी लटकून जो प्रयोग झाला, त्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. लिलियन आणि ज्यो एकेक सांधा तपासत, घट्ट करत, तारा बदलत बसले. बांधकामातला हा टप्पा दूरून पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो. माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात मी वीसेक वर्षं हेच पाहते आहे. नवीन काहीतरी उभं करायला सगळे हौसेने पुढे येतात. जे उभं राहिलं ते थरथरून ढिलं होतं आहे का, हे रोज पाहायला मात्र फार थोडे उरतात. 

कार्नमनीची टेकडी इंजिन लावून उडण्याजोगी नव्हती. रँडल्सटाउन इथे लॉर्ड ओनील यांचं आठशे एकरांचं विस्तीर्ण कुरण होतं. ते त्यांनी वापरायला दिलं. त्या कुरणात एक मोकाट बैलही होता. मग हवामानाची वाट पाहणं आलं. आयर्लंडच्या उन्हाळ्यात पाऊस आणि वारा दोन्ही भरपूर. योग्य दिवस मिळायला कित्येक आठवडे गेले. शेवटी ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी वारा पडला. ज्योने पंखा फिरवून इंजिन सुरू केलं. मेफ्लाय गवतावरून धावत गेलं आणि उठलं.

उडी लहान होती, सुमारे तीस यार्डांची. उतरल्यावर लिलियनने काय केलं, हे मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडतं. आपण खरंच उडालो का, याची तिला खात्री वाटेना. ती मागे गेली आणि ओल्या गवतावर चाकांच्या खुणा तपासू लागली. खुणा एका जागी संपत होत्या आणि पुढे काही अंतरावर पुन्हा सुरू होत होत्या. मधलं गवत जसंच्या तसं होतं. तेवढ्या जागेत मेफ्लाय हवेत होतं. नंतरच्या दिवसांत तिने याहून लांब उड्या घेतल्या, सर्वांत लांब सुमारे पाव मैलाची. आयर्लंडमध्ये त्याआधी ३१ डिसेंबर १९०९ रोजी हॅरी फर्ग्युसन यांनी एका मजल्याचं विमान उडवलं होतं. इंजिनावर चालणारं दोन मजली विमान तिथे प्रथम उडालं ते लिलियनचं.

पुढच्या काळात तिने सुधारित मेफ्लाय विक्रीला असल्याची जाहिरातही दिली. इंजिनाशिवाय विमान अडीचशे पौंड, नुसतं ग्लायडर ऐंशी पौंड. आपल्या बांधणीची हकीकत तिने फ्लाइट या विमानविषयक नियतकालिकात फोटोंसह लिहिली, इतरांना उपयोगी पडावी म्हणून.

आणि मग तिने विमान सोडलं. वडिलांना मुलीच्या जिवाची काळजी होती. त्यांनी तिच्यापुढे सौदा ठेवला की, हे उडणं सोड, तुला मोटार घेऊन देतो. मोटार होती फोर्ड कंपनीची मॉडेल टी. लिलियनने मोटार घेतली. मेफ्लायचं इंजिन विकलं, सांगाडा डब्लिनमधल्या हौशी उड्डाण करणाऱ्यांना ग्लायडर म्हणून वापरायला दिला. ती मोटार चालवायला शिकली आणि बेलफास्टमध्ये फोर्ड मोटारींची विक्रेती झाली.

हा भाग वाचून बरेचजण हळहळतात. एवढी बाई, आणि एका मोटारीसाठी सारं सोडलं? लहान होतं स्वप्न? वडिलांनी विकत घेतली मुलगी? मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांचाच राग आला. घरातल्या मुलींना कौतुकाने थांबवायची रीत आपल्याला काही परकी नाही. पण कागदावरचे आकडे पाहिले की चित्र थोडं बदलतं. वीस अश्वशक्तीवर मेफ्लायची मर्यादा आली होती. याहून लांब आणि उंच जायचं तर मोठं इंजिन हवं, आणि मोठ्या इंजिनाचा भार तो हलका लाकडी सांगाडा पेलणार नव्हता. म्हणजे पुढची पायरी होती नवंच विमान, नवा खर्च आणि दर खेपेला वाढता धोका. त्या काळात विमानाच्या अपघातात माणसं मरत होती. तिने सुरुवातीला जो प्रश्न घेतला होता, म्हणजे मी स्वतः बांधलेलं विमान मला घेऊन उडेल का, त्याचं उत्तर गवतावर उमटलं होतं. वडिलांचा दबाव होता हे खरंच, आणि तो नसता तर ती कुठवर गेली असती हे कोणी सांगू शकत नाही. पण तिने काम अर्धवट टाकलं असं म्हणणं चूक आहे. घेतलेलं काम पुरं केल्यावर ती थांबली, आणि थांबलेली बाई रिकामी बसली नाही.

ऑक्टोबर १९११ मध्ये तिने चुलतभाऊ चार्ल्स ब्लँडशी लग्न केलं. ख्रिस्ती समाजात अशी लग्नं चालत. पुढल्याच वर्षी ती कॅनडाला गेली, व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडच्या क्वाट्सिनो इथे. जंगल तोडून जमीन काढायची, घर उभारायचं, गुरं सांभाळायची, जिन्नस होडीने आणायचे, असं आयुष्य. १९१३ मध्ये पॅट्रिशिया ही मुलगी झाली. हीच तिची एकुलती मुलगी. १९२९ मध्ये, सोळा वर्षांची असताना, धनुर्वाताने ती गेली. धनुर्वाताची लस तेव्हा सर्वांपर्यंत पोहोचली नव्हती. या दुःखानंतर काही वर्षांनी, १९३५ मध्ये, लिलियन एकटी इंग्लंडला परतली. तिथे तिने माळीकाम केलं, थोडाफार पैसा जुगारावर लावला आणि त्यात कमाईही केली. १९५५ च्या सुमारास ती कॉर्नवॉलमधल्या सेनन या समुद्राकाठच्या गावी स्थायिक झाली. तिथे बागकाम आणि चित्रकला करत राहिली. ११ मे १९७१ रोजी, ब्याण्णव वर्षांची होऊन ती वारली. राइट बंधू १९०३ मध्ये उडाले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, आणि माणूस चंद्रावर उतरला तेव्हा नव्वदीची.

घरी विमान बांधणारी माणसं आजही जगभर आहेत. काही गाळे भाड्याने घेतात, काही मोटारीच्या शेडमध्ये बांधतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ साली ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. बांधणाऱ्याला अडचणी अजून त्याच येतात, म्हणजे जागा, पैसा, इंजिन, परवानगी आणि घरच्यांचा संयम.

कार्नमनीजवळच्या ग्लेनगॉर्मली गावात आता लिलियनच्या नावाची बाग आहे आणि तिथे मेफ्लायची पोलादी प्रतिकृती उभी आहे. मूळ विमान कधीच उरलं नाही. मांजरपाट आणि स्प्रूस किती टिकणार? आपली मुलं आता इंजिनिअरिंगला, सायन्सला, कलाशाखेला जायला लागली आहेत, कोणी घरी काही खटपट करत असतील. त्यांना लिलियनची ही हकीकत जरूर सांगा. त्यातला व्हिस्कीची बाटली आणि आत्याचा कर्णा तर सांगाच, पण पतंग, पोलीस आणि गवतावरच्या खुणाही सांगा. एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा, त्याचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच पुढे जायचं, ही तिची रीत विमानाखेरीज दुसऱ्या कामांनाही लागू पडते.